प्रायमर अडकला की लेव्हर दाबत बसू नका, आधी पुंगळीचं बूड बघा

परवा सकाळी साडेसातला मी साकीनाक्याला गाळ्यावर निघायच्या घाईत होतो तेवढ्यात ह्यूस्टनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्रीचे नऊ, हा गॅरेजमध्ये वापरलेली काडतुसं परत भरायच्या हातप्रेससमोर उभा, आणि म्हणतो मामा, बघ ना, अजून एक प्रायमर अडकला, तो ढकलणारी पिन पण वाकली. मी म्हटलं लेव्हर सोड आधी, पुंगळी काढ आणि तिचं बूड कॅमेऱ्यासमोर धर. बूड बघितल्यावर दोन सेकंदांत कळलं काय झालंय ते. त्याच दिवशी ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं, कारण मराठीत यावर काहीच सापडत नाही आणि तिकडे राहणारी आपली बरीच पोरं हा छंद करतात, आणि इथे रेंजवर जाणाऱ्यांनाही आपल्या काडतुसात नक्की काय होतं याची उत्सुकता असतेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच. टेक्सासात स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं परत भरणं हा साधा कायदेशीर छंद आहे, लोक गॅरेजमध्ये करतात. आपल्याकडे तसं नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, त्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि पिस्तुलाचा परवाना आहे म्हणून काडतूस भरायचा आपोआप मिळाला असं होत नाही. त्यामुळे मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांनी समजून घेण्यासाठी वाचा, करून बघण्यासाठी नाही. मी स्वतः इथे यातलं काही करत नाही. मी गेली तीस वर्षं प्रेस टूल आणि डाय, म्हणजे धातू दाबून आकार द्यायचे साचे, बनवतो, मागच्या वर्षी भाच्याकडे दोन महिने राहिलो तेव्हा रोज संध्याकाळी त्याच्या बेंचवर बसलो, आणि लक्षात आलं की ही जी अडचण आहे ती सगळी माझ्याच धंद्यातली आहे: पंच, डाय, फिट आणि गंज.

आता काडतूस म्हणजे काय ते आधी. पुढे गोळी, आत दारू, हे सगळं धरून ठेवणारी पितळेची पुंगळी, आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध बसवलेली एक इवलीशी वाटी, तो प्रायमर. आमच्या आजोबांकडे गावी संगमेश्वरला ठासणीची बंदूक होती, शेतात डुकरं यायची म्हणून परवाना होता, त्या बंदुकीला बाहेरून निपलवर तांब्याची टोपी लावायचे आणि घोडा त्या टोपीवर पडला की ठिणगी आत जायची. प्रायमर म्हणजे तीच टोपी, फक्त आता ती पुंगळीच्या बुडात शिरलीय. वाटीत ठोका बसला की पेटणारं रसायन, त्याच्यावर ऐरणीसारखा छोटा तुकडा, बाहेरून फायरिंग पिन ठोकते, रसायन वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतं, आणि ज्वाळा मधल्या बारीक भोकातून आत दारूपर्यंत पोचते.

गोळी झाडल्यावर गोळी गेली, दारू जळली, प्रायमर वापरून संपला, पण पुंगळी धडधाकट शिल्लक राहते. पितळ महाग म्हणून ती परत वापरायची, एवढाच या छंदाचा पाया. जुना प्रायमर काढा, पुंगळी डायमधून दाबून मूळ मापाला आणा, नवा प्रायमर, नवी दारू, नवी गोळी.

इथे एक प्रश्न मला हमखास विचारतात. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून तर जास्तच, की मग त्या काडतुसांच्या पुंगळ्या परत भरतात का. नाही भरत. तो प्रकार पॉइंट २२ चा, त्याला रिमफायर म्हणतात, त्यात वेगळा प्रायमर नसतोच, रसायन पुंगळीच्या कडेच्या घडीत आतून पसरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर ठोकते. कड एकदा चेपली की संपलं, ती पुंगळी भंगार. हा लेख सेंटरफायरचा, म्हणजे बुडाला मधोमध प्रायमर असलेल्या पिस्तुलाच्या काडतुसांचा, नाईन एमएम, पॉइंट ४५, किंवा सेंटरफायर पिस्तूल स्पर्धेत चालणारं पॉइंट ३२ वगैरे.

आता मूळ मुद्दा, प्रायमर अडकतो म्हणजे काय आणि का.

छोटा पिस्तूल प्रायमर साधारण ४.४५ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि तो ज्या घरात, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या गोल खाचेत, बसतो ते घर त्याच्यापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशाने लहान ठेवलेलं असतं. बेअरिंग हाऊसिंगमध्ये जसं प्रेस फिट बसवतो तसंच. वर आणखी काय होतं बघा, काडतूस उडतं तेव्हा नाईन एमएमच्या आत दाब ३५,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो, तिकडच्या इंडस्ट्रीने ठरवलेली कमाल मर्यादा आहे ती. आपल्या गाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय असतं, म्हणजे त्याच्या हजारपट. त्या दाबाने प्रायमर आधी किंचित मागे सरकतो आणि पिस्तुलाच्या ब्रीचला, म्हणजे पुंगळीमागच्या धातूच्या भिंतीला, टेकतो, मग मागोमाग आख्खी पुंगळी मागे येते आणि त्याला परत घरात ठोकून बसवते, आणि या सगळ्यात वाटीच्या भिंती घराच्या भिंतीला घट्ट चिकटतात. त्यामुळे वापरलेला प्रायमर थोडा टाइट असणारच. हे नॉर्मल आहे. एका बारीक पिनने आतून त्या मधल्या भोकातून ढकलला की तो टप्पकन खाली पडतो, हजारातल्या बहुतेक पुंगळ्यांत एवढंच होतं, काही त्रास नाही.

त्रास होतो तेव्हा मात्र माणूस जी पहिली गोष्ट करतो तीच चुकीची, तो जोर वाढवतो. प्रेसच्या लेव्हरला प्रचंड लिव्हरेज असतो, हाताला पाच किलो वाटतात तिथे पिनवर किती येत असेल विचार करा, आणि पिन जेमतेम भोकातून जाईल एवढी, भोक दोन मिलिमीटरचं. पिन वाकते, तुटते, नाहीतर वाटीच फाडून आरपार जाते.

भाच्याच्या बेंचवर बसल्यावर मला सगळ्यात आधी जे खटकलं ते हे, की त्याची डाय एकाच स्ट्रोकमध्ये दोन कामं करत होती, पुंगळी दाबून मापाला आणणं आणि त्याच वेळी मधल्या पिनने प्रायमर ढकलणं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डाय अशाच असतात, वेळ वाचतो म्हणून. पण पितळ आवळायलाच इतका जोर लागतो की प्रायमर सहज निघतोय की अडून बसलाय हे हाताला कळतच नाही, कळतं ते थेट पिन तुटल्यावर. मी गाळ्यावर नवीन पोराला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो की बाबा हँडप्रेसवर हात ठेवला की मटेरियल काय बोलतंय ते हाताला समजलं पाहिजे. म्हणून त्याला म्हटलं प्रायमर काढायचं काम वेगळं कर. नुसती पिन असलेली युनिव्हर्सल डिकॅपिंग डाय येते, पुंगळीच्या भिंतीला ती लागतच नाही, फक्त प्रायमर ढकलते. एक स्ट्रोक जास्त लागतो, लागू दे. त्याने ती आणली आणि पहिल्याच दिवशी म्हणाला मामा, आता प्रत्येक पुंगळी वेगळी लागतेय हाताला. मला विचाराल तर या आख्ख्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

मग हाताला अडकल्यासारखं लागलं की थांबायचं, पुंगळी काढायची आणि उजेडात बूड बघायचं.

प्रायमरभोवती बारीक चर दिसतेय का, कुणी गोल पंचाने दाबल्यासारखी, किंवा तीन-चार ठिकाणी टोचे मारल्यासारखे? ती क्रिम्प. मिलिटरीच्या मालाला हे करतात, कारण ऑटोमॅटिक हत्यारात प्रायमर घराबाहेर निसटून मेकॅनिझममध्ये पडला तर हत्यार तिथेच जाम होतं, म्हणून घराची कड आतल्या बाजूला दाबून प्रायमरला कुलूप लावतात. नाटोच्या पुंगळीवर गोलात अधिकाचं चिन्ह असतं, ते दिसलं की क्रिम्प असणार असं धरूनच चाला, पण काही साध्या बाजारी नाईन एमएमलाही क्रिम्प येते त्यामुळे चिन्ह नाही म्हणून निर्धास्त राहू नका. असा प्रायमर निघतो, फक्त हळू आणि सरळ दाब लागतो आणि पिन जरा दणकट लागते. खरी गंमत नंतर असते, जुना निघाला तरी ती आत वळलेली कड तशीच राहते, आणि नवा प्रायमर बसवायला गेलं की तो कडेवर अडतो, तिरका होतो, चेपतो, आणि हा आता जिवंत प्रायमर आहे बरं का. म्हणून ती कड काढावी लागते. एकतर स्वेजिंग, म्हणजे टणक बटण घरात दाबून कड परत बाहेर लोटायची, नाहीतर रीमरने कापून टाकायची. माझा कल स्वेजिंगकडे आहे कारण त्यात मटेरियल जात नाही. रीमर हातात आला की माणूस जास्त फिरवतो, आणि घर सैल झालं की मग प्रायमर धरून राहत नाही, मग ती पुंगळी कायमची बाद. कापायचंच असेल तर कडेला नुसता चॅम्फर, म्हणजे किंचित तिरका उतार, येईल इतकंच.

दुसरं कारण, आणि यावर मी जास्त बोलणार आहे कारण आपल्याला ते पावसाळ्यामुळे रक्तात माहीत आहे, ते म्हणजे कळंक. आईकडे पितळेचं पातेलं कल्हई गेलेलं असलं आणि त्यात आमटी राहिली की ती कळकायची ना, तोच हिरवा कळंक. ह्यूस्टन समुद्राजवळ, हवा अगदी आपल्या मुंबईसारखी चिकट दमट, आणि भाचा रविवारी उघड्या रेंजवर गवतात पडलेल्या पुंगळ्या वेचून आणणार, त्यातल्या काही महिनाभर पावसात भिजलेल्या. पाणी ठिणगीच्या भोकातून आत जातं आणि प्रायमरच्या मागे साचून राहतं, तिथे जळलेल्या रसायनाची राख असते, ती ओल धरून ठेवते, आणि मग वाटीच्या आणि घराच्या मधल्या त्या केसाएवढ्या फटीत कळंक वाढतो. कळंकाला धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो फट भरून टाकतो आणि दोघांना जणू सिमेंट लावून जोडतो. बाहेरून प्रायमरभोवती हिरवी किंवा काळपट बांगडी दिसते. परवा कॅमेऱ्यावर मला तीच दिसली.

यातली वाईट गोष्ट अशी की पुष्कळ जण हा रोग स्वतःच्या हाताने लावून घेतात. पुंगळ्या स्वच्छ करायला ड्रममध्ये पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिना घालून फिरवतात, निघतात एकदम सोन्यासारख्या, आणि मग जुना प्रायमर आत तसाच ठेवून डब्यात भरून ठेवतात. बाहेरून कोरडी, आत प्रायमरमागे पाणी. आठवड्याने काढायला गेलं की अडकलेला. म्हणून क्रम उलटा करायचा, आधी प्रायमर काढायचा आणि मग धुवायचं, घर पण साफ निघतं आणि सुकायला हवाही आरपार जाते. आणि हो, धुतल्यावर एखादी स्टीलची पिन ठिणगीच्या भोकात अडकलेली असते, आत टॉर्च मारून बघा, नाहीतर डिकॅपिंग पिन तिच्यावर जाऊन आपटते. कधी आत खडा असतो, कधी नाईन एमएमच्या पोटात लहान बोअरची पुंगळी शिरून बसलेली असते, ते अडकणं प्रायमरचं नसतंच.

धुताना आंबट चालतं का? चालतं, आपण पितळेला चिंच लावतो तसं तिकडे सायट्रिक अॅसिड घालतात, पण चिमूटभर आणि थोडाच वेळ, जास्त झालं की जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी पडतं, ती कमजोर झाल्याची खूण. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र अजिबात नको. याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश काळात इथे फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. काडतुसं ठेवलेली असायची घोड्यांच्या तबेल्यात, घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेतून पितळेवर बसायचा आणि पुंगळी ओढून बनवताना तिच्यात जो ताण राहिलेला असतो त्या ताणाच्या रेषेवर तडा जायचा. याचं कारण शास्त्रज्ञांनी नीट उलगडून सांगितलं ते १९२१ मध्ये. आम्ही डीप ड्रॉ केलेले, म्हणजे असेच ओढून बनवलेले, पितळेचे पार्ट आतला ताण काढायला भट्टीत पाठवतो ते याचसाठी, पण ही काडतुसांची गोष्ट मला मागच्या वर्षीपर्यंत माहीत नव्हती आणि कळली तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

तर कळकलेला प्रायमर अडकला, आता काय करायचं? एखादा थेंब पेनिट्रेटिंग ऑइल बुडाशी कडेला सोडून रात्रभर ठेवलं तर कधी सुटतो, पण मग त्या पुंगळीतलं तेल नवीन प्रायमर लावण्याआधी पूर्ण धुवून निघालंच पाहिजे, तेलाने प्रायमर बिघडतो. माझं प्रामाणिक मत, एवढं करू नका. नाईन एमएमची वापरलेली पुंगळी तिकडे काही सेंटला मिळते. हिरवी बांगडी दिसली की प्रेसवर न घेता भंगाराच्या डब्यात.

जबरदस्ती केली तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. भाच्याने माझ्यासमोरच एकावर जोर लावला, टक् असा आवाज आला, लेव्हर एकदम सैल पडली, त्याला वाटलं निघाला. ट्रेमध्ये पडली ती नुसती गोल चकती, बटणासारखी. वाटीचा तळ कापून पिन आरपार गेली होती आणि वाटीची भिंत, एक पातळ कडी, घरात तशीच चिकटून होती. वाटीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असतो, त्यामुळे पिनने चक्क पत्र्यातून चकती कापणाऱ्या ब्लँकिंग पंचचं काम केलं. ही कडी भलती फसवी, कारण वरवर बघितलं तर घर रिकामं दिसतं, तशीच पुढे गेली तर नवा जिवंत प्रायमर त्या कडीवर चिरडला जाणार. मी हट्टाने एक कडी बारीक टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून, टॅपला धरून ओढून काढलीही, पण वीस मिनिटं गेली आणि घराला आतून ओरखडे पडले, ती पुंगळी शेवटी टाकलीच.

तिसरा प्रकार बर्डनचा. वर मी म्हटलं ना की प्रायमरमध्ये ऐरणीसारखा तुकडा असतो, ती बॉक्सर पद्धत, एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याची, यात पुंगळीला मधोमध एकच भोक. त्याच सुमारास, १८६० च्या दशकात, हायरम बर्डन या अमेरिकनाने वेगळी पद्धत काढली, तिथे ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या बाजूला बहुधा दोन बारीक भोकं असतात. पुढे उलटंच झालं, ब्रिटिशाची पद्धत अमेरिकेत घराघरात रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. आपल्याला याचा अर्थ एवढाच की बर्डन पुंगळीत मधोमध भोकच नाही, पिन जाऊन भरीव धातूवर आपटते आणि तुटते, तिथे कितीही जोर लावा, ढकलायला जागाच नाही. आत टॉर्च मारा, मध्ये एक भोक दिसलं तर घ्या, बाजूला दोन दिसली तर टाका. लोहचुंबकाला चिकटतात त्या स्टीलच्या पुंगळ्या, आणि चुंबकाला न चिकटणाऱ्या अॅल्युमिनियमच्याही, आधीच वेगळ्या काढल्या की यातल्या बऱ्याच तशाच बाजूला होतात.

कधीकधी प्रायमर नीट निघतो आणि परत आत जातो, हे भाच्याला तर पटतच नव्हतं. पिन वाटीत थोडी रुतते, आणि पिन मागे घेताना वाटी तिला चिकटून उलटी घरात ओढली जाते. पंच परत येताना स्लग, म्हणजे कापलेला तुकडा, वर घेऊन येतो हा प्रॉब्लेम माझ्या धंद्यात रोजचा, त्यावर उपायही तोच, पिनच्या टोकाची धार बोथट करायची, टोक पॉलिश पेपरने किंचित गोल करायचं, आणि पिन अजून थोडी खाली सेट करायची म्हणजे प्रायमर घरातून पूर्ण बाहेर पडेल. एकेक पुंगळी हाताने लावायच्या प्रेसवर हे डोळ्याला दिसतं, पण एका स्ट्रोकला चार-पाच कामं करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर दिसत नाही, आणि पुढच्याच स्टेशनला नवा प्रायमर जुन्यावर दाबला जातो. त्यामुळे तिथे लेव्हर वर जाताना जरा जरी वेगळं लागलं तरी थांबायचं. तिथे कधीही जोर लावायचा नाही.

प्रायमरवर पिनचा खळगा नाहीये, म्हणजे तो उडालेलाच नाही, किंवा खळगा आहे पण काडतूस फुसकं गेलेलं आहे, तर तो जिवंत समजायचा. तो ठोकून काढायचा नाही, हातोडी जवळ आणायची नाही. तेलात बुडवून मेला असेल असंही धरायचं नाही, ते भरवशाचं नाही. आणि ज्यात गोळी आणि दारू अजून आहे त्या काडतुसाचा प्रायमर तर कुठल्याही परिस्थितीत ढकलायचा नाही. हे सगळं करताना डोळ्यावर सेफ्टी ग्लासेस पहिल्या मिनिटापासून, अडकल्यावर शोधायचे नाहीत.

आणि हात. बहुतेक प्रायमरच्या रसायनात शिशाचं संयुग असतं, ती काळी राख बेंचवर, बोटांवर, कपड्यांवर बसते. भाचा चहाचा मग प्रेसच्या शेजारी ठेवायचा, तो मी पहिल्याच दिवशी आत नेऊन ठेवायला लावला, त्याची मुलगी चार वर्षांची आहे, गॅरेजमध्ये धावत येते. आता तो खराब प्रायमरचा डबा झाकणाचा ठेवतो, बेंच झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसतो, आणि आत जाण्याआधी हात साबणाने धुतो.

परत निघताना एअरपोर्टच्या आदल्या रात्री मी जॅकेटचे सगळे खिसे आणि बुटांचे आतले भागसुद्धा उलटे करून बघितले, कारण रिकामी पुंगळी बॅगेत सापडली तरी विमानतळावर चौकशी होते, आणि गॅरेजमध्ये त्या कशातही जाऊन पडतात. एक निघालीच, डाव्या बुटात, नाईन एमएमची, बुडाला हिरवी बांगडी असलेली. ती भाच्याच्या भंगाराच्या डब्यात टाकली आणि झोपायला गेलो.